आधी झेंडा, मग टी

तू आणि तुझे बाबा ऑगस्टमध्ये येताय, सेंट अँड्र्यूज आणि कार्नूस्टी दोन्हीकडे खेळायचं ठरवताय, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या टीवर उभं राहिल्यावर छातीत धडधडत असतं, तेव्हा मावशीने काहीही सांगितलं तरी कानात शिरणार नाही.

येरवड्याला तू शिकलीस ती पद्धत अशी: टीवर उभं राहायचं, समोरचा फेअरवे बघायचा, नाकासमोर मारायचं आणि बॉल जिथे जाईल तिथे पोचल्यावर ग्रीनचा विचार करायचा. तिथे ते चालून जातं. हरळीवर पडलेला बॉल थोडा पळतो आणि थांबतो, पावसाळ्यात तर पडल्या जागी बसतो. इथे हा क्रम उलटा कर. आज झेंडा ग्रीनच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते आधी बघ. त्या झेंड्याकडे जमिनीवरून वाट कुठून जाते ते शोध. त्या वाटेच्या तोंडाशी यायला फेअरवेच्या कुठल्या अंगाला बॉल हवा ते ठरव. टीवरून कुठला क्लब घ्यायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी. मी पुढे जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीच्या पोटातलंच आहे.

असं का, ते जमीन बघितलीस की कळेल. समुद्र आणि नांगरटीची जमीन यांच्यामधला हा वाळूचा पट्टा, यालाच लिंक्स म्हणतात. पेरायला निकामी, मेंढ्यांना चरायला बरा. खाली वाळू, त्यामुळे रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी खेळता येतं. वर फेस्क्यू जातीचं बारीक, चिवट गवत, त्याला पाणी आणि खत दोन्ही कमी लागतं. जमीन टणक राहते आणि बॉल आपटला की उसळून पळतो. कुठे पळेल ते जमिनीचे उंचसखल फुगवटे ठरवतात. झाडं नाहीतच म्हटलं तरी चालेल, म्हणून वाऱ्याला आडकाठी नाही. बॉल हवेत असेल तोवर वाऱ्याचा आणि जमिनीवर आला की उताराचा. तुझ्या हातात राहतं ते एवढंच: कुठून मारायचं आणि पहिला टप्पा कुठे पाडायचा.

रोज पहाटे ग्रीनकीपरची माणसं कोर्सवर येतात. जुनं भोक बुजवून नवं पाडतात, टीचे मार्कर पुढेमागे करतात, बंकरमधली वाळू सारखी करतात. कप्तानाने फलंदाजासमोर फील्ड लावावी तसं हे काम आहे. फील्ड न बघता बॅट फिरवणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते तुला माहीत आहे. काल हेच होल कुणी कसं छान पार केलं, त्याचा आज उपयोग असेलच असं नाही. काल झेंडा मागे होता आणि आज तो बंकरच्या पाठीला चिकटून असेल, तर होलच बदललं. आणि मार्कर नेहमीपेक्षा पुढे दिसले तर हुरळून जाऊ नकोस. जे बंकर रोज तुझ्या टप्प्याच्या पलीकडे असतात, ते आज बरोबर तुझ्या टप्प्यात आलेले असतात.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सच्या पहिल्याच होलवर हे पडताळून बघ. पहिल्याचा आणि अठराव्याचा फेअरवे एकच, पसरलेल्या मैदानासारखा. टीवरून चुकायला जवळजवळ जागाच नाही. तरीही तिथे माणसं सहा आणि सात लिहितात, कारण ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन बर्न हा ओढा आहे, आणि भोक पुष्कळदा त्या ओढ्यापासून थोड्याच पावलांवर पाडलेलं असतं. झेंडा जवळ दिसतो म्हणून नेमकं अंतर मोजून मारणाऱ्याचा बॉल ओढ्यात. झेंड्याचं अंतर विसर. ग्रीनच्या मधोमधचं अंतर धर आणि त्याहून एक क्लब जास्त घे. मागे जागा भरपूर आहे. लांबचा पट परत मारायला लागला तर लागू दे.

ओल्ड कोर्सवर लांब पट मारायची तयारी घरूनच करून ये. इथे सात ग्रीन दुहेरी आहेत, एकाच ग्रीनवर दोन होलांचे दोन झेंडे. दुसरं आणि सोळावं एकत्र, तिसरं आणि पंधरावं एकत्र, अशा जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज अठरा. स्वतःचं वेगळं ग्रीन फक्त पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्या होलला. जाताना पांढरा झेंडा शोधायचा आणि येताना लाल, नाहीतर भलत्याच भोकाकडे मारशील. ग्रीन एवढी मोठी की बॉल ग्रीनवर आहे आणि तरी भोक तीस पावलांवर, असं सहज होतं. तेव्हा येरवड्याला पाच फुटांचे पट घोटत बसण्यापेक्षा पन्नास-साठ फुटांवरून बॉल भोकाच्या हातभर अंतरात आणायचा सराव कर. ग्रीन फार वेगवान मुद्दामच ठेवत नाहीत. वेगवान केली की वाऱ्यानेच बॉल हलायला लागतो. २०१५ च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला शनिवारी तेच झालं, ग्रीनवर ठेवलेले बॉल आपोआप सरकायला लागले, खेळ कित्येक तास थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. म्हणून मनगटाने टिचकी मारल्यासारखा पट इथे कमी पडतो. पाय रुंद ठेवून, खांद्यातून, ठामपणे मारायचा.

आता सतरावं, रोड होल. त्याबद्दल जास्त बोलणार आहे, कारण झेंड्यापासून मागे वाचायचं म्हणजे काय ते तिथे डोळ्यांना दिसतं.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. गावातली माणसं मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन फेअरवेवरून फिरत असतात, आणि कुणीही फिरावं. तुम्ही शनिवारी पोचताय ते म्हणूनच बरं आहे. रविवारी संध्याकाळी अठराव्या ग्रीनपासून उलटं चालत या, सतराव्या ग्रीनच्या मागे दगडी भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि टीच्या दिशेने बघा.

समोरचं ग्रीन अरुंद आणि लांबट आहे, चौथऱ्यावर ठेवल्यासारखं उंच, आणि येणाऱ्याला तिरकं पडलेलं. त्याच्या डाव्या कुशीत पुढच्या बाजूने रोड बंकर घुसलेला. आत उतरलीस की समोर गवताच्या विटा रचलेली उभी भिंत, बाकी काही नाही. आजूबाजूची जमीन त्याच्याकडे कलती आहे, त्यामुळे बंकर दिसतो त्याहून मोठा समजायचा: जवळून जाणारा बॉलही तो ओढून घेतो. तुझ्या पायाशी, ग्रीनच्या मागच्या बाजूला, उतार, मग रस्ता आणि मग भिंत. रस्त्यावर गेलेला बॉल फुकट उचलता येत नाही, रस्ता कोर्सचाच भाग धरलाय. आहे तसा मारायचा.

आता तिथूनच फेअरवेकडे नजर टाक. फेअरवेच्या उजव्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ग्रीन लांबीने उघडं मिळतं, बंकर डावीकडे सुटतो. डाव्या कडेच्या माणसाच्या आणि झेंड्याच्या बरोबर मध्ये बंकर येतो. मग सगळे उजवीकडेच का मारत नाहीत? कारण उजवी कडा मिळवायला टीवरून कडेच्या हॉटेलच्या हद्दीतल्या हिरव्या शेडच्या डोक्यावरून मारावं लागतं, आणि जरा जास्त उजवीकडे गेलं की आउट ऑफ बाउंड्स. डावीकडे मारलं तर टीवर निवांत झोप लागते, पण दुसऱ्या फटक्याला सगळी किंमत मोजायची. धोका आता घ्यायचा की नंतर, एवढाच निर्णय टीवर असतो. भिंतीजवळ पाच मिनिटं उभी राहिलीस की हे पुस्तकातून कधीच कळणार नाही इतकं स्वच्छ कळेल.

या ग्रीनने केवढ्या मोठ्या खेळाडूंना रडवलंय ते आठवणीत ठेव. १९७८ मध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा पट उतारावरून वळला, ग्रीन सोडून रोड बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले आणि कार्डावर नऊ. १९८४ मध्ये टॉम वॉटसनने शेवटच्या दिवशी ग्रीनकडे २ नंबरचं आयर्न मारलं, बॉल ग्रीन ओलांडून रस्त्यापलीकडे भिंतीजवळ गेला. पुढे अठराव्यावर सेव्हे बायेस्तेरोसने बर्डी केली आणि ओपन त्याची झाली. उलटं उदाहरणही आहे. २०१३ च्या विमेन्स ओपनमध्ये शेवटच्या फेरीत स्टेसी लुइसने ५ नंबरच्या आयर्नने इथे बॉल झेंड्यापासून तीन फुटांवर आणला, बर्डी केली, अठराव्यावर आणखी एक केली आणि जिंकली. तो फटका मी पुन्हा पुन्हा बघते. पण लुइस तेव्हा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होती, आणि तू तो प्रयत्न करायचा नाहीस.

तू आणि बाबांनी इथे पाच धरून चाला. टीवरून कॅडी त्या शेडवर लिहिलेल्या अक्षरांपैकी एखादं दाखवेल, त्यावरून मारा, नाहीतर सरळ थोडं डावीकडे. दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे, उजव्या तोंडाशी थांबवा. तिसरा पटरने, ग्रीनच्या लांबीने वर. दोन पट, पाच. मागे रस्त्यावर जाण्यापेक्षा अलीकडे थांबलेलं शंभरदा बरं. आणि झेंडा बंकरच्या पाठीमागे असेल तर तो नाहीच असं समजा.

ओल्ड कोर्सवर हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात भेटत राहते. बहुतेक होलांवर डावी बाजू मोकळी आहे, कारण शेजारचा फेअरवे तिकडे लागून आहे. उजवीकडे गोर्सची काटेरी झुडपं किंवा हद्द. म्हणून डावीकडे मारा असा सल्ला सगळेच देतात, आणि नवख्यासाठी तो वाईट नाही. पण डावीकडून ग्रीनकडे जायची वाट बहुधा बंकरच्या डोक्यावरून असते. तेव्हा डावीकडे मारलंस तर पुढच्या फटक्याची हाव धरू नकोस, ग्रीनच्या मोठ्या, मोकळ्या भागाकडे मार. चौदाव्यावर हेल बंकर आहे, दहा फूट खोल. १९९५ मध्ये जॅक निकलॉसने त्यात अडकून त्या होलवर दहा लिहिले. तिथे टीवरून उजवीकडची भिंत सांभाळ आणि दुसरा फटका सरळ डावीकडे, शेजारच्या पाचव्या होलच्या फेअरवेवर मार. लाजू नकोस, जाणकार तिथूनच जातात. बाराव्यावर टीवरून एकही बंकर दिसत नाही आणि फेअरवेच्या मध्यात ते लपलेले असतात, कारण पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेने खेळत आणि ते बंकर त्या बाजूने येणाऱ्याच्या नजरेसमोर होते. अशा ठिकाणी डोळ्यांवर विसंबू नकोस, यार्डेजचं पुस्तक उघड.

अकरावं छोटं आहे, पार तीनचं, पण उतार मागून पुढे फार तीव्र. पुढे स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल बंकर. १९२१ मध्ये तरुण बॉबी जोन्स याच होलवर बंकरमध्ये वैतागला आणि बॉल उचलून मोकळा झाला. सहा वर्षांनी त्याच कोर्सवर तो ओपन जिंकला. तुला एवढंच सांगते: इथे झेंड्याच्या वर कधीही जाऊ नकोस. खालून वर पट मारायचा, मग तो कितीही लांब असो.

बंकरचं एकदाच सांगते. ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत आणि प्रत्येक म्हणजे एक फटका दंड असंच समजायचं. २००० मध्ये टायगर वुड्स तिथे १९ अंडरने जिंकला. चारही दिवसांत, ७२ होलांत, तो एकाही बंकरमध्ये गेला नाही. लोक त्याच्या ताकदीचं बोलतात, मला तो आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. बॉल आत गेलाच तर आधी भिंतीपासून किती लांब आहे ते बघ. भिंतीजवळ असेल तर ग्रीन विसरून बाजूला काढ, वेळ पडली तर मागे. अगदीच अडकला असेल तर २०१९ पासूनचा नियम लक्षात ठेव: दोन फटक्यांचा दंड घेऊन बंकरच्या बाहेर, मागच्या बाजूला झेंड्याच्या रेषेत बॉल टाकता येतो. तुझ्या बाबांना हे आवडणार नाही. पण आत चार फटके घालवण्यापेक्षा दोन घ्यावेत आणि पुढे जावं.

वाऱ्याबद्दल घाबरून विचारतेस तू. वारा जोरात असला की स्विंग सावकाश करायचा. जोर लावला की बॉलला फिरकी जास्त लागते, फिरकीने तो वर चढतो आणि वर गेलेला बॉल वारा मागे ढकलतो. समोरून वारा असेल तर दोन क्लब जास्त घे, कधी तीन घे, दांडा थोडा खाली धर, बॉल उजव्या पायाकडे जरासा सरकव आणि हात छातीपर्यंत जाऊन थांबू देत. बॉल खालून जाईल. पाठीमागून वारा असेल तर उलटी काळजी. बॉल हवेत लांब जातो आणि पडल्यावर थांबत नाही, म्हणून ग्रीनच्या वीस-तीस यार्ड आधीच टप्पा पाड आणि जमिनीला पुढचं काम करू दे. आडव्या वाऱ्याशी भांडू नकोस. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बॉल सोड, तो परत आत येतो. पट मारतानाही आडवा वारा बॉल ढकलतो, तेवढं मनात धर.

वाऱ्याची दिशा पायाशी गवत उडवून बघायची सवय सोड. खाली उंचवट्यांच्या आडोशाला वारा वेगळा असतो. झेंडा बघ, शेजारच्या होलचाही बघ. ओल्ड कोर्सवर जाताना वारा पाठीवर असला तर येताना तो तोंडावर असणार, म्हणजे पहिल्या काही होलांत मिळालेलं पुढे परत करायचंच आहे असं समजून खेळ. मुरफील्डच्या लिंक्सवर असा हिशेबही करता येत नाही. तिथले पहिले नऊ होल घड्याळाच्या दिशेने बाहेरून फिरतात आणि पुढचे नऊ उलट दिशेने आतून, त्यामुळे वाऱ्याचा कोन सतत बदलत राहतो. २००२ च्या ओपनमध्ये तिथे शनिवारी दुपारी वादळ आलं, टायगर वुड्सने त्या दिवशी ८१ फटके घेतले. त्या वेळी तो जगात पहिला होता. तेव्हा वाऱ्यात तुझे दहा फटके जास्त झाले तर चेहरा पाडू नकोस.

जमिनीवरून खेळायचा सराव मात्र आत्तापासून कर, कारण तो येरवड्यात होत नाही. ग्रीनच्या बाहेर वीस पावलांवर बॉल असला की तुझा हात आपोआप सँड वेजकडे जातो. इथे गवत इतकं आखूड आणि जमीन इतकी टणक की वेजची जाड कड उसळते आणि बॉलच्या पोटात लागते. पटर घे. पटरने नाही जमणार असं वाटलं तर सात नंबरचं आयर्न घे आणि पटसारखाच मार, बॉल थोडा उडेल आणि पळेल. ओल्ड कोर्सच्या अठराव्या ग्रीनच्या पुढे खोल उतार आहे, त्याला व्हॅली ऑफ सिन म्हणतात. १९९५ मध्ये कोस्तान्तिनो रोक्काची चिप तिथे फसली, आणि मग त्याने त्याच खड्ड्यातून पटरने मारलेला बॉल वर चढून भोकात गेला. त्या पटने त्याला जॉन डेलीबरोबर प्ले-ऑफ मिळाला. चिप फसली तिथून पटर चालला, यावरून काय ते समज.

फेअरवे कडक आहे की ओला, हे रोज सकाळी जिथे उभी असशील तिथे बुटाची टाच आपटून बघ. २००६ च्या ओपनमध्ये हॉयलेकचा कोर्स उन्हाने करपून तपकिरी झाला होता. वुड्सने चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच वापरला. टीवरून लांब आयर्न मारून बंकरच्या अलीकडे थांबला, ग्रीनवर लांबून मारावं लागलं तरी चालेल म्हणाला, आणि जिंकला. २०१३ मध्ये फिल मिकेल्सन मुरफील्डला आला तेव्हा बॅगेत ड्रायव्हर नव्हताच. पण हा काही नियम नाही. २०१८ मध्ये कार्नूस्टीही असंच वाळलं होतं, रफ विरळ होता, आणि जॉर्डन स्पीथने शनिवारी पहिल्या होलचं ग्रीन टीवरूनच गाठलं. रफ विरळ असेल तर चूक परवडते, मग मारावं. रफ दाट असेल तर परवडत नाही. ड्रायव्हर काढायचा की नाही हे बाबांच्या उत्साहावर ठरत नाही, गवतावर ठरतं.

दाट रफचं म्हणशील तर १९९९ ची कार्नूस्टीची मांडणी मला कधीच पटली नाही. फेअरवे चिंचोळे, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, जिंकणारा पॉल लॉरी सहा ओव्हर. आत गेलेला बॉल नुसता बाहेर काढायचा, दुसरं काही करताच येत नाही. त्यात विचार करायला वाव कुठे उरतो? रुंद फेअरवे दिला, कडेला बंकर आणि ग्रीनला तिरका कोन दिला, की खेळाडूला दर वेळी ठरवावं लागतं. तीच खरी परीक्षा, आणि लिंक्सवर ती शतकानुशतकं घेतली जातेय. आपला जीव मिल्खा सिंग २०१२ मध्ये इन्व्हरनेसजवळ कासल स्टुअर्टवर स्कॉटिश ओपन जिंकला तो कोर्सही असाच रुंद. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजला शेवटपर्यंत नीट खेळला. आपल्याकडच्या गवतावर वाढलेल्यांना हे जमत नाही असं मुळीच नाही.

कॅडी घ्या. महाग वाटला तरी निदान ओल्ड कोर्सला घ्या. १९६४ मध्ये टोनी लेमा सेंट अँड्र्यूजला उशिरा पोचला, सरावाच्या दोन फेऱ्याही पुऱ्या झाल्या नव्हत्या. टिप अँडरसन हा तिथला जाणता कॅडी त्याला मिळाला. अँडरसन सांगेल तिकडे लेमा मारत गेला आणि पाच फटक्यांनी जिंकला, मागे निकलॉस होता. कॅडी म्हणाला की त्या चर्चच्या टोकावर मार, तर चर्चच्या टोकावर मार. समोर झुडपं का दिसतात हे विचारत बसू नकोस. मात्र तुझा सात नंबर खरा किती जातो ते त्याला खरं सांग. एखाद्या दिवशी सगळ्यात चांगला लागला तो आकडा नको, रोजचा सांग.

कार्नूस्टीला जाल तेव्हा सहाव्या होलवर थांबून फेअरवेतले बंकर बघा. १९५३ मध्ये बेन होगन आयुष्यात एकदाच ओपन खेळायला आला, दोन आठवडे आधी येऊन कोर्स पायाखाली घातला. टीवरून त्याने त्या बंकर आणि डाव्या कुंपणाच्या मधली अरुंद पट्टी निवडली, कारण तिथून ग्रीनकडे जायची वाट सरळ होती. चार फेऱ्यांत ७३, ७१, ७०, ६८, प्रत्येक फेरीत आधीच्यापेक्षा कमी, आणि चार फटक्यांनी विजय. त्याची पट्टी तुम्हा दोघांसाठी नाही. बंकरच्या उजवीकडून जा, तीन फटक्यांत ग्रीन गाठा.

आणि शेवटचं, कार्नूस्टीचं अठरावं. बॅरी बर्न तिथे वळणं घेत जातो आणि ग्रीनच्या पुढ्यात आडवा येतो. १९९९ मध्ये जाँ व्हान द व्हेल्डे तीन फटक्यांनी पुढे होता, सहा लिहिले असते तरी जिंकला असता. टीवरून ड्रायव्हर, मग रफमधून २ नंबरचं आयर्न, ते प्रेक्षकांच्या स्टँडला लागून मागे गवतात, तिथून ओढ्यात, आणि सात. मग प्ले-ऑफ, आणि ओपन लॉरीची. त्या दिवशी त्या गवतातून ओढा ओलांडण्याचा विचारच करायचा नव्हता. बाबांना हे होल बघितल्यावर अंगात येणार, मला माहीत आहे. त्यांचा टी शॉट फेअरवेवर नसला तर दुसरा फटका वेजनेच, ओढ्याच्या ऐंशी यार्ड अलीकडे. ऐकलं नाहीत तर मला फोन लावून दे. मी त्यांच्याशी बोलते.